गोत्र, देवक आणि जनुकांचा हिशेब

शेतातल्या वाणाची वंशावळ चोखंदळपणे पाहणारा समाज घरची सोयरीक जुळवताना मात्र आनुवंशिकतेकडे पाठ फिरवतो. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया यांसारखे विकार एका पिढीतून दुसऱ्या पिढीत नेमके कसे उतरतात, धडधाकट आईवडिलांच्या पोटी आजारी मूल का जन्मते आणि ते टाळण्यासाठी काय करता येते, याचा हा मागोवा.

मृग नक्षत्र तोंडावर आले की जालन्याच्या बाजारपेठेत बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी उसळते. संकरित बियाणे आणि जालना हे समीकरण जुने आहे. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे 'महिको' या बियाणे कंपनीची स्थापना केली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्काराने गौरविण्यात आले. जालना जिल्ह्यात आणि शेजारच्या देऊळगाव राजा परिसरात बीजोत्पादनाचे प्लॉट घेणाऱ्या शेतकऱ्यांना दोन गोष्टी कोणी मुद्दाम शिकवाव्या लागत नाहीत. पहिली म्हणजे, मक्यासारख्या पिकाचे वाण पिढ्यान् पिढ्या स्वतःशीच फळवत ठेवले, तर ते शुद्ध होते खरे, पण खुरटतेही. दुसरी म्हणजे, संकरित पिकाचे बी घरी राखून पुढच्या हंगामात पेरले, तर शेत एकसारखे येत नाही. कुठे झाड उंच, कुठे ठेंगणे. आदल्या पिढीत कुठेच न दिसलेले गुण या पिढीत अचानक वर येतात.

हे दोन्ही नियम माणसाच्या वंशालाही लागू आहेत. परंतु शेताच्या बांधावर सहज उमगणारी ही गोष्ट घराच्या उंबऱ्याआत आली की अनोळखी होते. पाच-सहा महिन्यांचे गुटगुटीत बाळ फिकुटते, दूध पिईनासे होते, पोट फुगू लागते. डॉक्टर रक्ततपासणी करून थॅलेसेमियाचे निदान करतात आणि हा आजार आईवडिलांकडून आला असल्याचे सांगतात. त्यावर घरच्यांचे पहिले उत्तर ठरलेले असते : 'आमच्या घराण्यात असे कधी कोणाला नव्हते.' दुसरे उत्तर बहुधा उच्चारले जात नाही, पण नजरा सुनेच्या माहेराकडे वळतात. यातले पहिले उत्तर प्रामाणिक असले तरी गैरसमजावर उभे आहे आणि दुसरे सरळसरळ अन्यायाचे आहे. असे का, हे समजून घ्यायचे तर आनुवंशिकतेचा मूळ हिशेब पाहावा लागतो.

वाटाण्यापासून माणसापर्यंत

हा हिशेब पहिल्यांदा मांडला तो ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने. आजच्या चेक प्रजासत्ताकातील ब्रनो येथील मठाच्या बागेत त्याने वर्षानुवर्षे वाटाण्याचे संकर केले आणि १८६६ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उंच आणि ठेंगण्या झाडांचा संकर केला असता पहिल्या पिढीतील सारी झाडे उंच निघाली. त्यांच्यापासून झालेल्या दुसऱ्या पिढीत मात्र साधारणपणे तीन उंच झाडांमागे एक ठेंगणे झाड पुन्हा दिसले. ठेंगणेपणा मधल्या पिढीत नष्ट झालेला नव्हता, तो केवळ दबून राहिला होता. मेंडेलच्या या शोधाकडे त्याच्या हयातीत कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९०० साली तो नव्याने उजेडात आला आणि अवघ्या दोन वर्षांत, १९०२ साली, आर्चिबाल्ड गॅरॉड या इंग्लिश वैद्याने तो माणसाच्या आजाराला लावून दाखवला. लघवी हवेत राहिल्यावर काळी पडते, अशा अल्काप्टोन्युरिया नावाच्या विरळ विकाराचा तो अभ्यास करीत होता. या रुग्णांचे आईवडील पुष्कळदा एकमेकांची सख्खी चुलत, मामे किंवा मावस भावंडे असतात, हे त्याच्या ध्यानात आले. आनुवंशिक विकार आणि नात्यातील विवाह यांचा संबंध शास्त्राच्या कक्षेत आला तो तेव्हापासून.

आज त्यामागील यंत्रणा ठाऊक आहे. माणसाच्या पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र आईकडून आणि एक वडिलांकडून येते. या गुणसूत्रांवर सुमारे २० हजार जनुके असतात. शरीरातील विविध प्रथिने कशी बनवायची, याच्या त्या जणू लेखी सूचना होत. गुणसूत्रे जोडीने असल्यामुळे बहुतेक प्रत्येक सूचनेच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात. एका प्रतीत चूक असली, तरी दुसरी शाबूत प्रत बहुतेक वेळा काम भागवते. अशा माणसाला 'वाहक' म्हणतात. वाहक हा रुग्ण नव्हे. तो शेती करतो, नोकरी करतो, म्हातारा होतो आणि आपल्याजवळ एक चुकीची प्रत आहे, हे त्याला आयुष्यभर कळत नाही. विशेष म्हणजे अशा काही ना काही चुकीच्या प्रती आपल्यापैकी जवळपास प्रत्येकाजवळ असतात.

अडचण उभी राहते ती पती आणि पत्नी हे दोघेही एकाच विकाराचे वाहक असतात तेव्हा. अपत्याला दोघांकडून एकेक प्रत मिळते. दोन्ही प्रती शाबूत मिळण्याची शक्यता २५ टक्के, एक शाबूत आणि एक सदोष मिळण्याची ५० टक्के आणि दोन्ही सदोष मिळण्याची २५ टक्के. दोन्ही सदोष आल्या की मूल रुग्ण ठरते. मेंडेलच्या बागेतील चौथे ठेंगणे झाड ते हेच. 'घराण्यात कधी कोणाला नव्हते' या उद्गाराचे उत्तरही येथेच मिळते. चुकीची प्रत घराण्यात कित्येक पिढ्या होती. तिला जोडीदार मिळाला नव्हता, इतकेच.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. चारात एक म्हणजे पहिले मूल आजारी झाले तर पुढची तीन निरोगी होणार, असे नव्हे. प्रत्येक गरोदरपणात फासे नव्याने पडतात आणि प्रत्येक वेळी धोका तोच, २५ टक्के असतो. दोन्ही वाहक असलेल्या जोडप्याला दोन मुले झाली, तर किमान एक आजारी असण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के भरते. उलट चार मुले होऊन चारही आजारातून सुटण्याची शक्यताही ३२ टक्क्यांच्या आसपास असते. म्हणूनच एका घरात दोन भावंडे आजारी आणि तशाच दुसऱ्या घरात एकही नाही, असे घडते. त्यात कोणाचे पाप नसते, पुण्यही नसते.

महाराष्ट्राच्या रक्तातील तीन उदाहरणे

या पद्धतीने उतरणारा आणि आपल्याकडे सर्वांत अधिक आढळणारा विकार म्हणजे बीटा थॅलेसेमिया. तांबड्या पेशींतील हिमोग्लोबिनचा एक घटक पुरेसा तयार होत नाही. तीव्र स्वरूपाच्या थॅलेसेमियात मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. वारंवार दिलेल्या रक्तातील लोह हृदय, यकृत आणि ग्रंथींत साचते, म्हणून ते बाहेर काढणारी औषधे जन्मभर घ्यावी लागतात. अस्थिमज्जा रोपणाने आजार बरा होऊ शकतो, पण त्यासाठी जुळणारा दाता आणि मोठा खर्च दोन्ही लागतात. भारतात शंभरातील तीन ते चार व्यक्ती या विकाराच्या वाहक असाव्यात, असा अंदाज आहे. सिंधी, पंजाबी, लोहाणा यांसारख्या काही समाजांत हे प्रमाण अधिक आहे. मात्र कोणताही समाज यातून सुटलेला नाही.

दुसरे उदाहरण सिकलसेलचे. हिमोग्लोबिनच्या साखळीतील एका जागी एक अमिनो आम्ल बदलते आणि प्राणवायू कमी झाला की गोल तांबडी पेशी विळ्याच्या आकाराची होते. या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि रुग्णाला असह्य वेदनांचे झटके येतात. पूर्व विदर्भातील नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांत आणि सातपुड्यातील नंदुरबारसारख्या भागांत हा विकार लक्षणीय आहे. हा दोष एवढा पसरला तो मलेरियामुळे. सिकलसेलच्या वाहकाला मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून काही अंशी संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले. जंगलपट्ट्यात जी प्रत तारक ठरली, तीच जोडीने आल्यावर मारक ठरते. सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक यांचा विवाह झाला, तरीही प्रत्येक अपत्याला दोन्ही दोष एकत्र येऊन सिकल-थॅलेसेमिया होण्याचा २५ टक्के धोका राहतो. शिक्षण आणि नोकरीच्या निमित्ताने विदर्भ, मराठवाडा आणि मुंबई-पुणे यांत सोयरिकी होऊ लागल्या आहेत. 'हा आमच्याकडचा आजार नाही' असे म्हणून दोघांपैकी एकानेच तपासणी टाळणे त्यामुळे आता परवडणारे नाही.

तिसरे उदाहरण आजाराचे नव्हे, पण आनुवंशिकतेचा पडदा किती अवचित बाजूला होतो, याचे आहे. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना अशा व्यक्ती आढळल्या की ज्यांचे रक्त तपासणीत 'ओ' गटासारखे दिसे, पण त्यांना 'ओ' गटाचे रक्तही जुळत नसे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा शोध प्रसिद्ध झाला आणि त्या रक्तगटाला 'बॉम्बे' हे नाव मिळाले. ए आणि बी गटांची खूण ज्या पायावर उभी राहते, तो एच नावाचा पायाच या व्यक्तींच्या पेशींवर नसतो. त्यासाठी आईवडील दोघांकडूनही एच जनुकाची निकामी प्रत यावी लागते. ही व्यक्ती एरवी पूर्ण निरोगी असते, मात्र तिला रक्त लागलेच, तर ते बॉम्बे गटाच्याच दात्याचे चालते. युरोपात दहा लाखांत एखादी व्यक्ती असणारा हा गट भारतात साधारण दहा हजारांत एकाच्या घरात आढळतो आणि नात्यातील विवाह झालेल्या कुटुंबांत तो अधिक दिसतो. एखाद्या घरात हा गट सापडला की भावंडांचे रक्त तपासणे म्हणूनच शहाणपणाचे. त्यातही एक पेच आहे. तपासणीत 'ओ' दिसणाऱ्या बॉम्बे गटाच्या आईजवळ बी गटाचे जनुक दबलेले असू शकते आणि पती ए गटाचा असल्यास मूल एबी गटाचे निघू शकते. शाळेतील पाठ्यपुस्तकापुरता नियम ठाऊक असणाऱ्याने अशा वेळी आईच्या चारित्र्यावर संशय घ्यावा, यासारखा अज्ञानाचा दुसरा बळी नाही.

मामाची मुलगी आणि गोत्राचा नियम

मराठवाड्यात आणि एकंदर महाराष्ट्रात सोयरीक ठरवताना गोत्र, कुळ आणि देवक पाहण्याची प्रथा आहे. एकाच देवकात लग्न होत नाही. चुलतभाऊ-बहिणींचे लग्न तर कल्पनेतही येत नाही. मामाच्या मुलीवर मात्र भाच्याचा पहिला हक्क, असे मानणारे अनेक समाज आहेत. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या ग्रंथात ही महाराष्ट्राची वैशिष्ट्यपूर्ण जागा दाखवून दिली आहे. उत्तरेकडे जवळच्या नात्यात विवाह निषिद्ध, दक्षिणेकडे तो इष्ट, आणि महाराष्ट्र या दोन प्रदेशांच्या सीमेवर. येथे मामाची मुलगी चालते, आत्याची मुलगी करणे मात्र अनेक समाज टाळतात.

जनुकांना ही रीत ठाऊक नाही. गोत्र आणि देवक केवळ पित्याच्या बाजूने मोजले जाते, तर जनुके आईकडून आणि वडिलांकडून निम्मी निम्मी येतात. त्यामुळे चुलत, मामे, आते किंवा मावस असे कोणतेही सख्खे नाते घेतले, तरी दोन भावंडांत जनुकांचा सरासरी आठवा भाग समान असतो. परंपरा चुलत बहिणीला पूर्ण वर्ज्य मानते आणि मामेबहिणीला सून म्हणून आणते. आनुवंशिकतेच्या वहीत या दोघींचे खाते एकच आहे.

याचा परिणाम एका साध्या गणिताने पाहता येतो. समजा, एखाद्या विरळ विकाराचा शंभरात एक माणूस वाहक आहे. अशा एका वाहक तरुणाने नात्याबाहेरील मुलीशी विवाह केला, तर ती वाहक असण्याची शक्यता शंभरात एक. त्यांचे मूल आजारी असण्याची शक्यता होते ४०० मध्ये एक. त्याच तरुणाने मामाच्या मुलीशी विवाह केला, तर? त्याच्याजवळील सदोष प्रत आईकडून आलेली असण्याची शक्यता निम्मी, तीच प्रत मामाकडे असण्याची पुन्हा निम्मी आणि मामाकडून मुलीकडे जाण्याची आणखी निम्मी. म्हणजे ती वाहक असण्याची शक्यता आठात एक आणि मूल आजारी असण्याची ३२ मध्ये एक. धोका बारा पटींहून अधिक वाढला. विकार जितका विरळ, तितकी ही पट मोठी होत जाते.

मराठवाड्यातील साटेलोट्याची पद्धत या हिशेबात आणखी भर घालते. दोन घरांनी एकमेकांची मुलगी केली की मामा आणि आत्याचा नवरा ही एकच व्यक्ती ठरते. या दोन जोडप्यांची मुले परस्परांची दुहेरी भावंडे होतात आणि त्यांच्यात जनुकांचा आठवा नव्हे, चौथा भाग समान असतो. त्यांचाच पुढे विवाह लावणे हे आनुवंशिकदृष्ट्या दक्षिणेतील मामा-भाचीच्या विवाहाइतके जवळचे ठरते.

अर्थात या आकड्यांचा बाऊ करण्याचेही कारण नाही. कोणत्याही जोडप्याच्या अपत्यात गंभीर जन्मजात दोष असण्याची शक्यता साधारणपणे दोन ते तीन टक्के असते. सख्ख्या मामे-आते भावंडांच्या विवाहात ती चार ते सहा टक्क्यांपर्यंत जाते. म्हणजे अशा बहुसंख्य जोडप्यांची मुले निरोगीच जन्मतात. शेजारच्या घरात मामाची मुलगी करूनही सारे ठीक आहे, हे खरे असू शकते आणि धोका दुप्पट होतो, हेही तितकेच खरे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील सुमारे ११ टक्के विवाहित स्त्रियांचे लग्न रक्ताच्या नात्यात झाल्याचे आढळले. तामिळनाडू आणि कर्नाटकात हे प्रमाण एकचतुर्थांशाहून अधिक होते. कायद्याची भूमिका रूढीला अनुसरून आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने सख्ख्या चुलत, मामे, मावस भावंडांचा विवाह निषिद्ध नात्यांत धरला असला, तरी ज्या समाजात तशी रूढी आहे, तेथे तो वैध मानला जातो.

नात्यात लग्न केले नाही म्हणजे प्रश्न मिटला, असेही नाही. शेकडो वर्षे एकाच जातीत, पोटजातीत आणि ठराविक गावांत सोयरिकी होत राहिल्या की कागदावर परके असलेले वधूवरही दूरचे नातलग ठरतात. हैदराबाद येथील पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे कुमारसामी थंगराज आणि त्यांचे देशविदेशांतील सहकारी यांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दक्षिण आशियातील २६३ समाजगट तपासले. त्यातील ८१ गटांत मोजक्या पूर्वजांपासून वाढलेल्या वंशाची खूण फिनलंडवासी आणि अश्केनाझी ज्यू यांच्याहूनही ठळक आढळली. आनुवंशिक विकारांच्या अभ्यासात हे दोन समाज नेहमी उदाहरण म्हणून दिले जातात, हे येथे लक्षात घ्यावे. दोष जातीत नसतो, तो जातीच्या कुंपणात साठत जातो. आणि प्रत्येक कुंपणात साठलेला दोष निराळा असतो.

'मामावर गेला'

सर्वच विकार आईवडील दोघांकडून येत नाहीत. काही विकारांचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. स्त्रीजवळ एक्सच्या दोन प्रती असतात, पुरुषाजवळ एकच. त्यामुळे सदोष एक्स आला तर स्त्री बहुधा निभावून नेते आणि पुरुष आजारी पडतो. जखम झाल्यावर रक्त न थांबणारा हिमोफिलिया, तीन-चार वर्षांच्या मुलाच्या पोटऱ्या फुगून त्याचे चालणे हळूहळू बंद पाडणारा डुशेन स्नायुविकार आणि निरुपद्रवी असा रंगांधळेपणा ही याची उदाहरणे. वाहक आईच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता ५० टक्के आणि प्रत्येक मुलगी वाहक होण्याची शक्यताही ५० टक्के. रंगांधळ्या किंवा हिमोफिलिया असलेल्या पुरुषाचे मुलगे मात्र या दोषापासून मुक्त असतात, कारण त्यांना वडिलांकडून वाय गुणसूत्र मिळते. त्याच्या साऱ्या मुली वाहक होतात. इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या मुलीनातींमार्फत हिमोफिलिया रशिया आणि स्पेनच्या राजघराण्यांत पोहोचला, तो याच मार्गाने.

'पोरगा मामावर गेला' असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. या विकारांत ते शब्दशः खरे ठरते. मामाला लहानपणी रक्तस्राव थांबत नव्हता, मावशीचा मुलगा चालता चालता खुर्चीला खिळला, अशा आठवणी म्हणूनच डॉक्टरांना सांगायच्या असतात. सासरी त्या लपवल्या जातात, कारण त्या सांगितल्या की दोष सुनेवर येतो. वस्तुतः स्वतःची जनुके कोणी निवडत नाही. शिवाय हिमोफिलियाच्या सुमारे एकतृतीयांश रुग्णांच्या घराण्यात पूर्वेतिहासच नसतो, कारण जनुकातील बदल नव्याने घडलेला असतो. निदान झाल्यावर सुनेला बोल लावण्यापेक्षा तिच्या बहिणींची तपासणी करून घेणे अधिक उपयोगाचे. पुढचे मूल कदाचित त्यांच्याच घरी जन्माला येणार असते.

काही विकारांत एकच सदोष प्रत पुरते. अशा 'प्रभावी' विकारात बाधित माणसाच्या प्रत्येक अपत्याला, मुलगा असो वा मुलगी, ५० टक्के धोका असतो आणि आजार सहसा पिढी न चुकवता दिसतो. हंटिंग्टन या मेंदूच्या विकाराची लक्षणे बहुधा तिशी ते पन्नाशीत दिसू लागतात. तोवर लग्न होऊन मुलेही झालेली असतात. याउलट डाउन सिंड्रोम हा गुणसूत्रांचा विकार बहुतेक वेळा वंशपरंपरेने आलेला नसतो. २१ व्या गुणसूत्राची जादा प्रत बीजनिर्मितीच्या वेळी अपघाताने येते आणि आईच्या वयाबरोबर तिची शक्यता वाढते. मधुमेह, उच्च रक्तदाब, हृदयविकार यांत अनेक जनुके आणि राहणीमान दोहोंचा वाटा असतो. त्यांना चारात एक, दोनात एक असा सरळ हिशेब लागत नाही.

पत्रिकेशेजारी एक अहवाल

मग करायचे काय? पहिली पायरी बिनखर्चाची आहे. घरातील वडीलधाऱ्यांना बसवून तीन पिढ्यांची वंशावळ मांडावी. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत घराण्याची नावे सापडतात, पण तेथे न मिळणाऱ्या गोष्टी येथे लिहायच्या : कोणाचे मूल लहानपणी दगावले, कोणाचे गर्भपात वारंवार झाले, कोणाला सतत रक्त द्यावे लागे, कोण जन्मतः ऐकू-बोलू शकत नव्हते, कोणाला रातांधळेपणा होता, कोणत्या जोडप्याचे लग्न नात्यातील होते. आत्या, मावशी, मामा या तिन्ही बाजूंची माहिती त्यात हवी.

दुसरी पायरी रक्ततपासणीची. साध्या रक्तगणनेत तांबड्या पेशी आकाराने लहान दिसल्या आणि लोहाची गोळी घेऊनही फरक पडला नाही, तर थॅलेसेमियाच्या वाहकत्वाचा संशय घ्यावा. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी एचपीएलसी ही तपासणी थॅलेसेमिया आणि सिकलसेल या दोन्हींचे वाहक दाखवते. ती आयुष्यात एकदाच करावी लागते. विवाहापूर्वी करणे उत्तम, निदान गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत तरी टाळू नये. ज्या घरात रुग्ण आहे, तेथे ती प्रत्येक भावंडाने करावी. थॅलेसेमियाच्या रुग्णाचे निरोगी भावंड वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. अशा घरातील मुलगी तपासणी न करता मामाच्या घरी दिली, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याला आजाराचा धोका किमान २४ मध्ये एक ठरतो. नात्याबाहेर दिली, तर समाजातील पंचविसात एक वाहक धरूनही तो १५० मध्ये एक इतका खाली येतो. दोघांची तपासणी झाली आणि एक जण वाहक नसल्याचे दिसले, तर हा धोका जवळपास उरतच नाही.

दोघेही वाहक असले, तरी मार्ग बंद होत नाही. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा सूक्ष्म तुकडा किंवा त्यानंतर गर्भजल तपासून गर्भाला आजार आहे की नाही, हे सांगता येते. मात्र त्यासाठी आईवडिलांच्या जनुकांतील नेमका दोष आधी ठाऊक असावा लागतो. म्हणूनच ही धावपळ गरोदरपणानंतर नव्हे, आधी करायची असते. गर्भलिंग निदानाविरुद्धच्या १९९४ च्या कायद्याने नोंदणीकृत केंद्रात आनुवंशिक विकारांसाठी अशी तपासणी करण्यास मुभा दिली आहे, गर्भाचे लिंग सांगण्यास नाही. असा कायदा देशात सर्वप्रथम, १९८८ साली, महाराष्ट्रानेच केला होता. २०२१ साली सुधारलेल्या गर्भपात कायद्यानुसार गर्भात गंभीर दोष आढळल्यास वैद्यकीय मंडळाच्या मान्यतेने २४ आठवड्यांनंतरही गर्भपाताची परवानगी मिळू शकते. तो निर्णय अखेर त्या स्त्रीचा असतो. जनुकीय समुपदेशकाचे काम तिच्यापुढे शक्यता मांडणे एवढेच.

सरकारी पातळीवरही काही पावले पडली आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने थॅलेसेमिया, हिमोफिलिया आणि सिकलसेल यांना दिव्यांगत्वाच्या २१ प्रकारांत स्थान दिले. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाले. सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन ही त्याची उद्दिष्टे आहेत. रक्ताच्या आनुवंशिक विकारांवर संशोधन आणि निदान करणारी राष्ट्रीय प्रतिरक्षारुधिरशास्त्र संस्था मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात आहे. दुर्मिळ आजारांसाठीच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात केईएम रुग्णालयाचा उत्कृष्टता केंद्र म्हणून समावेश आहे. जालन्यातील कुटुंबाला मुंबई दूर आहे, हे खरे. परंतु वाहक तपासणीसाठी रुग्णाला नव्हे, रक्ताच्या नमुन्यालाच प्रवास करावा लागतो.

या साऱ्यात एक सावधगिरी आवश्यक आहे. वाहकत्वाचा अहवाल हा मुलीच्या लग्नात आडवा येणारा नवा 'मंगळ' होता कामा नये. वाहक मुलगी वाहक नसलेल्या मुलाशी निर्धास्तपणे लग्न करू शकते, वाहक मुलालाही हाच नियम लागू. त्यामुळे तपासणी वधूची एकटीची नव्हे, दोघांची व्हावी आणि अहवाल त्या दोघांच्या हाती पडावा. माणसांची पैदास सुधारण्याचा विचार विसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत कोणत्या थराला गेला, हे जगाने पाहिले आहे. येथे प्रश्न वाण सुधारण्याचा नाही. जन्मभर दर पंधरवड्याला सुई टोचून घेणारे एक मूल आणि त्याच्यासाठी रक्ताची पिशवी शोधत फिरणारे आईबाप, एवढ्यापुरताच तो आहे. पेरणीपूर्वी पिशवीवरील लेबल वाचून, उगवणशक्ती पाहून बियाणे निवडणाऱ्या घराने सोयरिकीच्या बैठकीत पत्रिकेशेजारी दोघांच्या रक्ताचा एकेक अहवाल ठेवला, तर त्या आईबापांची संख्या पुढच्या पिढीत नक्की कमी होईल.